आजोबांचा ताम्रपट आणि काकांच्या कपाटातलं आल्बुकर्कचं चांदीचं नाणं: ठेवू, विकू की आटवू?

आबोली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माहेर म्हापशाचं, लग्नानंतर पुण्यात. मागच्या महिन्यात मोठे काका गेले. जहाजावर होते, सत्तावीस वर्षं बोटीवर काढली, लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांची खोली आवरायचं काम माझ्यावर आणि भावावर आलं. कपाटात इस्त्रीच्या शर्टांच्या खाली एक निळी डबी निघाली आणि तिच्यात हे नाणं. चांगलं जाडजूड, आपल्या जुन्या रुपयापेक्षा बरंच मोठं. त्यावर पोर्तुगाल सरकारचं नाव, २०० एस्कुदो, १९९५, आणि अफोन्सो द आल्बुकर्क असं नाव आहे. नाव वाचलं आणि मी पलंगावर बसलेच.

कारण सांगते. माझे आजोबा, म्हणजे काकांचे वडील, १९५५ च्या सत्याग्रहात पकडले गेले होते. आग्वादच्या तुरुंगात होते. सुटून आले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, ती शेवटपर्यंत वाकली नाहीत, आम्हाला भात कालवून द्यायचे तेही डाव्या हाताने. त्यांचा ताम्रपट अजून बाहेरच्या खोलीत आहे. त्याच घरात, त्याच भिंतीच्या पलीकडच्या कपाटात, गोवा घेणाऱ्या माणसाच्या सन्मानार्थ काढलेलं नाणं इतकी वर्षं पडून होतं आणि आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

भाऊ म्हणतो आटवून देवाची निरांजनं करून टाक, विषय संपला. आई म्हणते काकांची वस्तू आहे, हात लावू नका. मला नक्की काय वाटतंय तेच कळत नाहीये. हे खरंच चांदीचं आहे का, असं नाणं का काढलं असेल, आणि तुमच्या घरात असतं तर तुम्ही काय केलं असतं, जाणकारांनी प्लीज सांगा.

सोनारआळी

ताई, काका गेल्याचं वाचून वाईट वाटलं.

आमच्या तीन पिढ्या पेढीवर, म्हणून एवढंच सांगतो की आटवायचं नाव काढण्याआधी वजन करा. असली पोर्तुगीज नाणी दोन प्रकारात निघाली, एक साधं तांबं-निकेलचं आणि एक चांदीचं, दोन्ही ३६ मिलिमीटर रुंद, दिसायला सेम. तांबं-निकेलचं २१ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि चांदीचं साडेसव्वीस. मॅग्नेट लावून काही कळणार नाही, दोन्हींना चिकटत नाही. कसोटीवर घासायला किंवा कानस लावायला कोणालाही देऊ नका, एक चरा पडला की नाण्याची किंमत मोडीची. काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, डबीत परत. बस.

आबोली

आज कोपऱ्यावरच्या दुकानात करून आले. २६.५२ भरलं. दुकानातल्या मुलाने उचललं तर अंगठ्याचा ठसा उमटला म्हणून मी रुमालाने पुसलं, ते चालतं ना?

सोनारआळी

मग चांदीच आहे. ९२५ टंच, म्हणजे शुद्ध चांदी साधारण साडेचोवीस ग्रॅम.

पुसलंत ते मात्र यापुढे करू नका. सुती रुमालानेसुद्धा बारीक ओरखडे येतात. फक्त कडेला धरायचं, दोन बोटांत. आणि घरातल्या बायकांना सांगून ठेवा, दसरा-दिवाळीला देवाची भांडी घासताना कोणीतरी हमखास त्यावर पितांबरी किंवा टूथपेस्ट लावतं. एका गिऱ्हाइकाने आजोळची राणीछाप नाणी रांगोळीने घासून लख्ख करून आणली होती, बघून जीव तुटला माझा. काळपट झालं तरी होऊ द्या, तो हवेतल्या गंधकाने येणारा थर आहे, त्याने आतली चांदी खराब होत नाही.

जुना_रुपया

धाग्याची वाट बघत असल्यासारखा आलोय :) नाण्याबद्दल सांगतो.

पोर्तुगालने १९८७ पासून आपल्या समुद्री शोधांच्या काळावर नाण्यांची मोठी मालिका काढली, चार-चार नाण्यांच्या संचांत. १९९५ च्या चौघांत एक मलुकूचं, म्हणजे मसाल्याच्या बेटांचं, एक सोलोर-तिमोरचं, एक ऑस्ट्रेलियाचं (पोर्तुगीज तिथे १५२० च्या दशकात पोचले होते असा एक दावा आहे, बहुतेक इतिहासकार तो मानत नाहीत, पण नाणं काढलं) आणि चौथं हे. आल्बुकर्क मेला १५१५ च्या डिसेंबरात, त्यामुळे १९९५ ला ४८० वर्षं, असा काही गोल आकडा नाही, ते मालिकेच्या क्रमात आलं. १९९५ ची ती चारही नाणी पूर्वेकडच्या त्याच वर्षांची आहेत.

दर्शनी किंमत २०० एस्कुदो. युरो आला तेव्हा एका युरोला २००.४८२ एस्कुदो असा दर ठरला, म्हणजे जेमतेम एक युरो. एस्कुदोची नाणी तिथल्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळायची मुदत २००२ च्या अखेरीस संपली. आता त्यात जी चांदी आहे ती आणि हौशी माणूस जे देईल ते. दुर्मीळ म्हणता येणार नाही. कोणी लाखाची भाषा केली तर विश्वास ठेवू नका आणि कोणी निव्वळ चांदीच्या भावात मागितलं तरी देऊ नका.

आणि विकायचंच ठरलं तर कायद्याची भीती नको. आपला पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या नाण्यांना लागतो. वास्को द गामाच्या चारशेव्या वर्षाची १८९८ ची पोर्तुगीज चांदीची नाणी कोणाकडे असतील तर ती त्यात बसतात, ती देशाबाहेर न्यायची नाहीत. हे तुमचं १९९५ चं.

रेवदंडेकर

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आटवा. आमच्या चौलची, वसईची काय दशा केली या लोकांनी. देवळं पाडली, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आणलं, माणसं जाळली. त्या सगळ्याची सुरुवात करणारा हाच. त्याचं नाणं ताम्रपटाच्या घरात ठेवायचं म्हणजे आजोबांच्या बोटांचा अपमान आहे. निरांजनं करा, तीच त्या चांदीची जागा.

तिसवाडीकर

रेवदंडेकर, तुमचा संताप समजतो, मी स्वतः जुन्या गोव्याच्या पंचक्रोशीतला आहे आणि आमच्या गावचं दैवत नदीपलीकडे न्यावं लागलेलं आहे. पण ज्याचं पाप त्याच्या खात्यावर लिहूया. इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६० ला, आल्बुकर्क मेल्यावर पंचेचाळीस वर्षांनी. तिसवाडीतली देवळं सरसकट पाडली गेली ती १५४० च्या सुमारास. ते त्याच्या नंतरच्यांचं काम.

त्याचं स्वतःचं खातं काही कमी नाही. २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरिनचा सण, त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा आणि कायमचं गोवा शहर घेतलं. पुढचे चार दिवस शहरातल्या मुसलमानांची कत्तल चालली. हे कोणा शत्रूने लिहिलेलं नाही, त्याने स्वतः २२ डिसेंबरला पोर्तुगालच्या राजा मानुएलला पत्र लिहून कळवलंय, सहा हजार माणसं मारली असं, मशिदीत कोंडून आग लावली असं. शेतकरी आणि ब्राह्मण यांना मारू नका असा हुकूम दिला होता हेही त्याच पत्रात आहे. शेतसारा कोण भरणार हे त्याला बरोबर कळत होतं. आपल्याकडे बऱ्याचदा हे असं सांगितलं जातं की त्याने हिंदूंना वाचवलं, सतीची चाल बंद केली. सती त्याने बंद केली हे खरं आहे. पण त्या चार दिवसांत मांडवीच्या काठावर जे मेले तेही गोंयकारच होते, बायका-पोरं होती, आणि मला त्यांना मोजणीबाहेर ठेवता येत नाही.

आता नाण्याकडे येतो, कारण धागा वाचल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. ज्या माणसाचं हे चांदीचं नाणं आहे त्याने गोव्यात आल्यावर जी पहिली कामं केली त्यातलं एक म्हणजे चांदीचं नाणं पाडणं. गोवा त्याने पहिल्यांदा घेतला तो १५१० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, होनावरच्या तिमय्याच्या सांगण्यावरून आणि मदतीने. शहर हातात आलं आणि व्यापारी विचारू लागले की आता व्यवहार कशात करायचा, कारण आदिलशहाचं नाणं चालू ठेवायचं म्हणजे राज्य अजून त्याचंच असं कबूल करण्यासारखं. मग टांकसाळ सुरू झाली. चांदीचं जे नाणं पाडलं त्याला एस्पेरा म्हणायचे, म्हणजे गोल. त्याच्या एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला कड्यांचा खगोल, तो राजा मानुएलचा शिक्का. शिवाय अर्धा एस्पेरा, सोन्याचं वेगळं, तांब्याची चिल्लर वेगळी. शिंगं-तुताऱ्या वाजवत शहरातून मिरवणूक काढून दवंडी दिली आणि नवी नाणी लोकांत उधळली.

म्हणजे बघा, तोफेनंतर नाणं. बाजारात कोळीण ज्याच्या शिक्क्यावर मासळी देते त्याचं राज्य.

आणि ते पहिलं राज्य किती दिवस टिकलं तर जेमतेम तीन महिने. मे महिन्यात आदिलशाही फौज आली, शहर गेलं, वरून पावसाळा सुरू झाला, मुखाशी वाळूचा बांध आणि खवळलेला दर्या, त्यामुळे बाहेर पडता येईना. ऑगस्टपर्यंत त्याची गलबतं मांडवीत अडकून पडली, दोन्ही काठांवरून मारा, खायला नाही. ज्याने पावसाळ्यात रायबंदरच्या बांधावर उभं राहून ती नदी बघितलीय त्याला हे चित्र डोळ्यांसमोर येईल. नोव्हेंबरात तो परत आला तो मात्र चारशे एकावन्न वर्षांसाठी.

आबोलीताई, तुमच्या डबीतल्या नाण्याकडे मी असा बघतो. मी तरी आटवणार नाही.

दर्यावर्दी

तिसवाडीकर, जबरदस्त प्रतिसाद.

काका बोटीवरचे होते म्हणून एक भर घालतो. याच नावाचं पोर्तुगीजांचं लढाऊ जहाज १८ डिसेंबर १९६१ ला मुरगाव बंदरात होतं, अफोन्सो द आल्बुकर्क. आपल्या नौदलाची बेतवा आणि बियास ही जहाजं त्याच्यावर गेली, मारा झाला, जहाज शेवटी किनाऱ्यावर चढवून सोडून दिलं आणि पांढरं निशाण लागलं. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा. त्या माणसाच्या नावाने सुरू झालेली गोष्ट त्याच नावाच्या बोटीवर संपली. काका दर्यावरचे, हे त्यांना माहीत नसणं शक्य नाही.

मीरा_लिस्बन

मी नऊ वर्षं इथे आहे. इकडचं सांगते.

लिस्बनच्या बेलें भागात राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर बागेत उंच खांबावर आल्बुकर्कचा पुतळा आहे, १९०२ साली उभारलेला, त्या चौकालाही त्याचंच नाव. मुलीच्या शाळेची सहल तिथेच जाते. ती घरी येऊन मला म्हणाली आई, हा तुझ्या देशात गेला होता. गेला होता! मी पोळ्या लाटत होते, तसंच हातातलं लाटणं ठेवून तिला बसवलं आणि मांडवी, आग्वाद, एकोणीस डिसेंबर सगळं सांगितलं. चिडून नाही सांगितलं. पण सांगायचं राहून गेलं असतं तर मला झोप लागली नसती.

असली नाणी इथे जुन्या बाजारात रविवारी ट्रेमध्ये मांडलेली असतात. तुमचे काका बोटीवरून उतरून असंच कुठेतरी थांबले असतील, नाव वाचलं असेल. आपलं माणूस ते नाव वाचून पुढे जाऊच शकत नाही, मीही थांबले होते, पण मी घेतलं नाही.

हापूसप्रेमी

बाकी इतिहास तुम्ही लोकांनी सांगितलाच आहे, पण रेवदंडेकर दादा, आटवून नाव जात नाही हो. हापूस हा शब्द याच अफोन्सोवरून आला असं मानतात. कलमं बांधायची पद्धत पोर्तुगीजांनी आणली आणि आज देवगडपासून तुमच्या रेवदंड्यापर्यंत प्रत्येक वाडीत ते नाव झाडाला लागतंय. माझ्या वडिलांनी लावलेली ऐंशी कलमं आहेत. ती आपली आहेत, शंभर टक्के आपली.

रेवदंडेकर

इन्क्विझिशनच्या सालाबद्दल तिसवाडीकरांचं बरोबर, मी घाईत लिहिलं. १५१० च्या कत्तलीचं ते पत्र मला माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो.

तरीही माझं मत तेच आहे. पोर्तुगालने ते नाणं सन्मान म्हणून काढलंय, त्यांच्या बाजूने तो वीर आहे. आपल्या घरात ते कशासाठी असावं याचं उत्तर आबोलीताईंकडे असेल तर ठेवावं, नसेल तर नाही. नुसतं जुनं आहे, चांदीचं आहे म्हणून नको.

आबोली

उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण मध्ये बरंच काही झालं.

पहिलं म्हणजे डबीतला फोम भावाने उचकटला, त्याच्याखाली घडी केलेली एक नोट निघाली. ३० एस्कुदो, बँको नासियोनाल उल्त्रामारिनो, १९५९. तिच्यावरही तोच, आल्बुकर्क.

दुसरं म्हणजे मी आत्याला फोन केला. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे, कान कमी, मोठ्याने बोलावं लागतं. नाणं म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, ते मिळालं होय तुला. म्हणजे तिला माहीत होतं. काकांनी ते लिस्बनहून आणलं आणि सर्वात आधी आजोबांनाच दाखवलं होतं. आत्या तेव्हा माहेरपणाला आलेली. म्हणाली, बाबांनी चष्मा पुसला, नाणं डाव्या तळव्यावर घेतलं, खूप वेळ तसंच धरून बसले. मग काकांना विचारलं वजन किती. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले मला जुन्या गोव्याला घेऊन चल.

पणजीच्या आझाद मैदानाला पूर्वी आल्बुकर्कचं नाव होतं आणि तिथल्या खांबांच्या मंडपात त्याचा पुतळा उभा होता, आता तो जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये ठेवलाय. पकडल्यावर आजोबांना त्या मैदानाच्या बाजूने चालवत नेलं होतं म्हणे, आणि तो पुतळा त्यांच्या डोक्यात राहिला होता. तर त्या दिवशी काका त्यांना बसने घेऊन गेले, आजोबा पुतळ्यासमोर उभे राहिले, आत्या सोबत होती. ती म्हणते, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले केवढा उंच वाटायचा. येताना रस्त्यावर शहाळं प्यायले.

घरी आल्यावर काकांना सांगितलं की हे तुझ्या आईला दाखवू नकोस. आजीचा धाकटा भाऊ त्या वर्षांत गेला, कसा गेला ते आमच्या घरात कधी मोठ्याने बोललं गेलं नाही. आजोबांना ते नाणं बघून काही झालं नाही, पण आजीला झालं असतं. म्हणून ते शर्टांच्या खाली गेलं. आजोबा गेले, आजी २००९ ला गेली, आणि काकांनी दिलेला शब्द तसाच पाळला, बाहेर काढायचं कारणच उरलं नसेल.

मला वाटत होतं काकांनी ते लाजेने लपवलं. मी त्यांच्याबद्दल तसा विचार केला याचं फार वाईट वाटतंय.

रेवदंडेकर दादा, तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. हे नाणं आजोबांनी हातात धरलेलं आहे, म्हणून ते राहणार. भावाला आत्याचा फोन स्पीकरवर ऐकवला, निरांजनांचा विषय त्यानेच बंद केला.

जुना_रुपया, ३० एस्कुदो हा कसला विचित्र आकडा? नोट खरी आहे का?

जुना_रुपया

खरी असणार, आणि आकडा विचित्र नाही. पोर्तुगीज गोव्यात आधी रुपयाच चालायचा, सोळा टांगांचा एक रुपया (टांगा म्हणजे आपल्या आण्यासारखं तिथलं नाणं). १९५८-५९ ला त्यांनी तो बंद करून एस्कुदो आणला आणि दर ठरवला एका रुपयाला सहा एस्कुदो. म्हणून नोटा ३०, ६०, ३००, ६०० अशा निघाल्या. तुमच्याकडची म्हणजे जुने पाच रुपये. १९६१ नंतर ती गेलीच, म्हणजे जेमतेम दोन-तीन वर्षं चाललेली नोट. आजीने कधीकाळी मीठ-तेल याच नोटेने आणलं असेल.

घडीवर सेलोटेप लावू नका, इस्त्री फिरवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. नुसती उघडून दोन कोऱ्या कागदांत ठेवा आणि वर जड पुस्तक. फाटलेली असली तरी तशीच राहू द्या.

तिसवाडीकर

ताई, काय बोलू. शहाळ्याशी आलो आणि डोळे भरून आले.

डिसेंबरात येणार असाल तर म्युझियमच्या पलीकडे सेंट कॅथरिनचं छोटं चॅपेल आहे, आल्बुकर्क शहरात शिरला त्या जागी बांधलेलं, तेही बघा. आणि मग पणजीला आझाद मैदानात जा. तो मंडप तिथेच आहे, त्याचे खांब जुन्या गोव्यातल्या मोडलेल्या वास्तूतून आणलेले. पुतळ्याच्या जागी आता गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी टी. बी. कुन्हांचं स्मारक आहे. आत्या येऊ शकत असेल तर तिला नक्की आणा, मांडवीकाठी आमचं घर आहे, जेवल्याशिवाय सोडणार नाही.

रेवदंडेकर

ठेवा ताई. मी माझे शब्द मागे घेतो. आजोबांना नमस्कार.

आबोली

आत्या येणार म्हणतेय. गुडघे दुखतात तरी येणार म्हणतेय.

तिने फोनवर सांगितलेलं सगळं मी वहीत लिहून काढलंय, तारखा तिसवाडीकरांच्या प्रतिसादातून घेतल्या, चालेल ना? तो कागद डबीसोबत ठेवणार आहे. एकच शंका राहिली, जुना फोम परत घालू का? थोडा चिकट झालाय.

सोनारआळी

नको, फेकून द्या. चिकट झालेला फोम नाण्याला डाग पाडतो, आणि प्लास्टिकच्या मऊ पाकिटातही घालू नका, त्याने हिरवट थर चढतो. ३६ मिलिमीटरची कडक गोल कॅप्सूल मिळते, स्वस्त असते, त्यात बसवा. दमट हवेचं घर आहे, तेव्हा डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्याआधी दरवर्षी बदला. कागद आणि नोट मात्र वेगळ्या पाकिटात, नाण्याला टेकून नको.

आणि डबी तीच ठेवा, काकांची निळी.